वासुदेव तारी आणि ‘स्वेच्छेने’ हा शब्द

अर्जदार : मधुकर गणपत शेलार, वय अंदाजे बावन्न, धंदा अर्जलेखन, शिक्षण इयत्ता सातवी उत्तीर्ण, आठवी अनुत्तीर्ण, राहणार मुलुंड पश्चिम.

ज्यांच्याविषयी : श्री. वासुदेव सोनू तारी, पाणबुडे. पूर्वी राहणार खाणीलगतची वस्ती, मुलुंड. हल्ली मुक्काम त्यांच्या गावी, मालवणच्या बाजूस.

घटनेचे ठिकाण : मुलुंडच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेली बंद दगडखाण व तिच्यात साठलेले पाणी, तसेच माझ्या टेबलाचा उजव्या हाताचा खण.

काळ : सन एकोणीसशे ब्याऐंशीचा उन्हाळा ते सत्त्याऐंशीची दिवाळी. नेमक्या तारखा स्मरत नाहीत. न स्मरणारी तारीख ठामपणे लिहून देण्याची माझी जुनी सवय आहे. ती येथे मोडत आहे.

साक्षीदार : (१) सौ. जयवंती वासुदेव तारी, दोर धरणाऱ्या. (२) हवालदार जगताप. (३) एक सरकारी लिफाफा, जो आता माझ्या ताब्यात नाही.

तक्रार कोणाविरुद्ध : अर्जदाराविरुद्धच.

वरील तपशील माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे. पुढील मजकूरही खराच लिहिण्याचा प्रयत्न करतो. गेली चोवीस वर्षे मी एका सरकारी कचेरीच्या फाटकाबाहेर, पर्जन्यवृक्षाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. रेशनकार्डापासून वारसनोंदीपर्यंत सर्व. माझ्या अर्जाला वजन असते, असे लोक म्हणत आणि मला ते पटत असे. शाळा अर्धवट सुटली तरी शब्दांची हौस सुटली नव्हती. कचेरीतून आलेल्या उत्तरांतले भारदस्त शब्द मी एका वहीत उतरवून ठेवी आणि संधी मिळताच वापरी. ‘सबब’, ‘उपरोक्त’, ‘कृपावंत होऊन’. ‘स्वेच्छेने’ हा शब्द मला एका गिरणीतल्या अधिकाऱ्याच्या निवृत्तीच्या कागदात प्रथम भेटला. त्या अधिकाऱ्याच्या गळ्यात हार घातलेला मी पाहिला होता. त्यामुळे हा शब्द मानाचा आहे, अशी माझी समजूत झाली. त्याचा कायद्यात काय अर्थ निघतो हे मी कोणाला विचारले नाही. विचारणे मला कमीपणाचे वाटे.

तारी हे ठेंगणे, रुंद छातीचे गृहस्थ. डोळे कायम लाल, केस राठ, आणि अंगाला रबराचा बारीक वास. खांद्यावर नेहमी दोन पंचे. एक वापरातला, एक घडी न मोडलेला. मी त्यांना ओळखू लागलो तेव्हा हा दुसरा पंचा कशासाठी, असा प्रश्न मला पडला होता. उत्तर पुढे येईल. उमेदीची वर्षे त्यांनी गोदीत काढली होती. बोटींच्या तळाला चिकटलेली कालवे खरवडून काढण्याचे काम पाण्याखाली जाऊन करीत. तिथला मुकादम गावी परतताना आपली जुनी हवेची टाकी, डोळ्यांवरची काच आणि तोंडात धरायची नळी त्यांना देऊन गेला. गोदीतले काम सुटल्यावर तारी विक्रोळीच्या एका कारखान्यात बदली कामगार म्हणून लागले आणि खाणीजवळच्या वस्तीत राहू लागले. टाकी खाटेखाली असे. गोदीतला एक जुना सोबती ती अधूनमधून हवा भरून देई.

खाण बंद पडून बरीच वर्षे झाली होती. तळाचे झरे फुटून ती पाण्याने भरली होती. वरून पाहिले तर हिरवे, शांत तळे. उन्हाळ्यात मुलुंड-घाटकोपरकडची तरुण मंडळी तेथे पोहायला येत आणि दरवर्षी त्यांच्यातला एखादा परत जात नसे. मग चौकीतून हवालदार जगताप सायकलवरून वस्तीत येत आणि तारींच्या दारात घंटी वाजवीत.

“तारी, चल रे. आहे एक.”

तारी कारखान्याच्या पाळीवर निघालेले असले तरी डबा खाली ठेवीत आणि खाटेखालून टाकी ओढीत. या एका गोष्टीपायी त्यांच्या इतक्या पाळ्या बुडाल्या की त्यांच्या मागून लागलेले लोक कायम झाले आणि ते बदलीचे बदलीच राहिले.

त्यांना प्रथम काम करताना मी पाहिले ते ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात. घाटकोपरचा एक कॉलेजातला मुलगा बुडाला होता. त्याच्या आईचा एक अर्ज मी पूर्वी लिहिलेला असल्याने मला कोणीतरी बोलावून नेले. खाणीच्या कडेला गर्दी. तारींनी कमरेला शिशाचे तुकडे ओवलेला पट्टा बांधला. अंगात फक्त हाफपँट. दोराचे एक टोक त्यांच्या कमरेला आणि दुसरे जयवंतीबाईंच्या. बाईंनी पदर खोचून एका खडकाला टाच लावली आणि नवऱ्याकडे न बघता पाण्याकडे बघू लागल्या.

जगताप म्हणाले, “बॉडी साधारण कुठे असेल, तारी?”

“बॉडी म्हणजे काय ता माका म्हायत नाय, सायब,” तारी म्हणाले. मग ते त्या आईकडे वळले. “नाव काय तेचा?”

“शिरीष.”

“घरात काय म्हणतत?”

आईच्या शेजारच्या कोणीतरी सांगितले, “शिऱ्या.”

तारींनी मान हलवली, कोरा पंचा कमरेला खोचला, नळी दातांत धरली आणि पाण्यात उतरले. वर काही वेळ बुडबुडे दिसत होते, मग तेही लांब गेले. जयवंतीबाईंच्या हातातला दोर सरकत राहिला. मी जवळ उभा होतो. त्या मला म्हणाल्या, “एक झटको म्हणजे ‘मी आसंय’. दोन म्हणजे ‘सोड’. तीन म्हणजे ‘ओढ’. आणि काय्येक नाय म्हणजे...”

बऱ्याच वेळाने तीन झटके आले. तारी वर आले तेव्हा त्यांच्या कडेवर, लहान मुलाला घ्यावे तसा, तो मुलगा होता. पोहायला उतरताना त्याने कपडे काढून ठेवले होते. पण वर आला तो कमरेभोवती नीट गुंडाळलेल्या स्वच्छ पंचात. पाण्याखाली, त्या अंधारात, त्या थंडीत तारींनी त्याला आधी पंचा नेसवला होता आणि मगच गर्दीपुढे आणले होते. त्याच्या आईने प्रथम तो पंचाच हाताने सारखा केला.

तारी खडकावर बसले होते. मे महिन्याचे ऊन होते आणि त्यांचे दात वाजत होते. ओठ जांभळे पडले होते. मी विचारले, “एवढे गार आहे?”

“गुरुजी, पाण्याक मजले असतत,” ते म्हणाले. मला ते पहिल्या भेटीपासून गुरुजी म्हणत. टेबलावर बसून लिहिणारा माणूस त्यांच्या लेखी गुरुजीच. “पयलो मजलो आपल्या घरासारखो, ऊन. दुसऱ्यार वायच गार. तिसऱ्यार मात्र कोण भाडेकरू टिकणा नाय. थंय उतारलंय काय कान आधी बोंबलतत.”

“आणि नाव कशाला विचारता?”

“हाक मारूक नको?”

“तोंडात तर नळी असते.”

“मनात मारतंय. पाण्याखाली मनातला मोठ्यान ऐकाक येता.”

हे मी त्या संध्याकाळी माझ्या वहीत लिहून ठेवले. तारींचे म्हणून नव्हे. एखाद्या श्रद्धांजलीत उपयोगी पडेल म्हणून.

सदर गृहस्थ सदा गंभीर असत, असा समज होऊ नये. एकदा खाणीच्या काठावर नवे कपडे, मनगटी घड्याळ आणि चपला आढळल्या. चौकशीअंती कळले की भांडुपच्या एका मुलाचे दोन दिवसांनी लग्न होते आणि तो सकाळपासून बेपत्ता होता. दोन्ही घरची माणसे काठावर रडत होती. तारी पाण्यात उतरले नाहीत. ते चपलांपाशी उकिडवे बसले.

“सायब, हो नवरो पाण्यात नाय.”

“कशावरून?” जगतापांनी विचारले.

“चपला बगा. तोंडा रस्त्याकडे. पाण्यात जाणारो माणूस चपला काढता तेव्हा तेंची तोंडा पाण्याकडे ऱ्हवतत. ह्यान हय चपला काढल्यान, दुसऱ्यो घातल्यान आणि आपसून रस्त्याक लागलो.”

“उतरून बघायला काय होतं तुला?”

“माका थंडी वाजता,” तारी म्हणाले. “तेका लग्नाची वाजली आसतली.”

रडणाऱ्यांतले दोघे-तिघे तशातही हसले. नवरदेव तिसऱ्या दिवशी मनोरीला एका मित्राच्या घरी माशाचे जेवण जेवताना सापडला. त्याचा बाप पेढे घेऊन वस्तीत आला तेव्हा जयवंतीबाई म्हणाल्या, “आमच्या ह्येंका पेढे नकोत. पुढच्या टायमाक झील पळालो तर आधी मनोरीक बगा, मगे खाणीत.”

आता अर्जाकडे येतो.

त्र्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर तारी माझ्या टेबलापुढे येऊन उभे राहिले. उजव्या कानात कापूस होता. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, परंतु काय हवे ते त्यांच्या मनात स्पष्ट होते. मी आजही ते शब्दशः सांगू शकतो.

“गुरुजी, असा लिवा. चौकीत्सून बोलावणा येता म्हणान मी जातंय. माझी पाळी बुडता. कान दुखता. तर माका तेंच्या हुकमातलो माणूस करा. एक रबराचो अंगरखो देवा, थंडी लागाची नाय असो. आणि कानाचो डाक्टर. बस.”

सहा वाक्ये. एखाद्या कारकुनाने ती तशीच उतरवली असती तर पुरेशी होती. बोलावणे येते, म्हणून जातो : सगळा हक्क त्या एका वाक्यात होता. परंतु मला ते वाक्य रखरखीत वाटले. शिरीषच्या आईने पंचा सारखा केला तो हात माझ्या डोळ्यांपुढे होता आणि अशा माणसासाठी मोठा अर्ज झाला पाहिजे, असे मला मनापासून वाटत होते. माझ्या मनात त्यांच्याविषयी आदर होता, हे मी स्वतःच्या बचावासाठी नमूद करत नाही. तो आदर मी कशात खर्च केला, एवढेच सांगायचे आहे.

मी लिहिले : ‘अर्जदार हा केवळ भूतदयेपोटी, निरपेक्ष बुद्धीने, स्वेच्छेने व स्वतःच्या जबाबदारीवर जलसमाधी पावलेल्या अभागी जीवांच्या उद्धाराचे पुण्यकर्म अहोरात्र करीत आला आहे.’

पूर्ण दोन पाने झाली. मी ती त्यांना वाचून दाखवली, आवाज चढवून, शेजारच्या टेबलावरच्या अर्जलेखकालाही ऐकू जाईल अशी. तारी डावा कान पुढे करून ऐकत होते. एका जागी त्यांनी हात वर केला.

“ता सवे... काय ता?”

“स्वेच्छेने.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे आपण होऊन. कोणी न सांगता. मोठा शब्द आहे.”

“पण गुरुजी, माका तर बोलवतत. जगताप येतत, घंटी वाजवतत. मी आपसून खंय जातंय?”

मी हसलो. म्हणालो, “तारी, पाण्यातलं तुम्हांला कळतं, कागदावरचं मला कळतं. बोलावतात म्हणून जातो, असं लिहिलं तर साहेबाला वाटेल, हा हमाल आहे. स्वेच्छेने म्हटलं की माणूस उंच होतो.”

“तुमका म्हायत,” असे म्हणून त्यांनी अंगठा पुढे केला. शाई लावताना मी पाहिले की सतत पाण्यात राहून त्या अंगठ्यावरच्या रेषा पुसट झाल्या होत्या. ठसा नीट उमटेना. तीनदा उमटवावा लागला.

पत्ता ‘द्वारा : अर्जलेखक शेलार’ असा मी माझाच घातला. त्यांच्या वस्तीत पोस्टमन शोधत बसत नसे.

पोलिसांच्या वरच्या कचेरीतून उत्तर चार महिन्यांनी आले. गोल शिक्क्याचा, खाकी लिफाफा. मी तो उभ्या उभ्या फोडला. मजकूर आखूड होता. ‘आपण सदर काम निरपेक्ष बुद्धीने, स्वेच्छेने व स्वतःच्या जबाबदारीवर करीत असल्याचे आपणच अर्जात नमूद केले आहे. सबब आपल्या मागणीचा विचार करता येत नाही.’

माझेच शब्द होते. ज्या क्रमाने मी लिहिले होते, जवळपास त्याच क्रमाने. वर ‘सबब’ सुद्धा होते. कोणा कारकुनाने त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून मग उत्तर तयार केले असणार, हे मला लिफाफा हातात असतानाच दिसले.

त्या क्षणी करण्यासारखे एक साधे काम होते. तारींना बोलवायचे, चूक सांगायची आणि त्यांची सहा वाक्ये लिहून दुसरा अर्ज द्यायचा. सोबत जगतापांचे एक पत्र जोडायचे, ‘बोलावणे आम्हीच पाठवतो’ म्हणून. जगतापांनी ते दिले असते. अर्ध्या दिवसाचे काम. परंतु त्यासाठी, त्या टेबलावर, त्या झाडाखाली, मला असे म्हणावे लागले असते की एका अंगठेबहाद्दराला जो अर्थ एका ऐकण्यात कळला तो मला कळला नव्हता. मी लिफाफा उजव्या हाताच्या खणात टाकला आणि खणाला कुलूप लावले.

तारी आठवड्याने आले. “काय गुरुजी, इला काय उत्तर?”

“अर्ज विचाराधीन आहे,” मी म्हणालो.

हा शब्द त्यांना आवडला. अर्थही त्यांनी विचारून घेतला. साहेब विचार करीत आहेत, असे मी सांगितले. त्यानंतर वस्तीत, कारखान्यात, चहाच्या टपरीवर ते म्हणू लागले, “माझो अर्ज इचाराधीन हा.” घरी पाहुणा आला तरी सांगत. माझ्या कानांवर ते येई आणि मी दुसरीकडे पाही. वर्ष गेले. मी ‘साहेब बदलले’ म्हणालो. पुढे ‘फाईल वर गेली आहे’ म्हणालो. दरम्यान मनोरीच्या बाजूला मच्छीमार होड्यांची कामे घेणाऱ्या एका माणसाने त्यांना बोलावले होते; समुद्राचे ऊबदार पाणी, बेताचे काम, राहायला खोली. तारी गेले नाहीत. जयवंतीबाईंनी मला कारण सांगितले : “ह्ये म्हणतत, मी गेलंय आणि हयसर हुकूम इलो तर साहेब म्हणतलो, माणूसच जाग्यार नाय.”

बाई मला भाऊ म्हणत. एकदा बाजारातून येता येता माझ्या टेबलाशी थांबल्या. पिशवी खाली ठेवून खणाच्या कुलपाकडे सहज पाहिल्यासारखे त्यांनी पाहिले.

“भाऊ, दोन वरसा झाली. कागद खंय बुडलो-बिडलो तर नाय? तसा आसात तर सांगा. आमचे ह्ये काढतीत.”

ही थट्टा होती. त्या हसल्याही. माझा चेहरा कसा झाला असेल ते मला ठाऊक नाही, पण त्यांचे हसू थांबले आणि पिशवी उचलून त्या निघून गेल्या. त्या दिवसानंतर त्यांनी मला भाऊ म्हटले नाही. काही म्हणूनच हाक मारली नाही.

पंच्याऐंशी संपत आले असताना, पौषातल्या थंडीत, एका देवळातील पितळी समई चोरीस गेली. पकडलेल्या चोराने ती खाणीत फेकल्याचे कबूल केले. जगताप सायकल घेऊन आले. माणूस नव्हता, समई होती. तारींच्या कानातून तेव्हा पाणी येत असे आणि डॉक्टरने बुडी मारू नका म्हणून सांगितले होते. बाई तापाने पडल्या होत्या. जगताप हवालदार असले तरी वाईट माणूस नव्हेत. ते म्हणाले, “नसेल जमत तर राहू दे, तारी. समईच आहे. उन्हाळ्यात बघू.”

तारी माझ्याकडे आले, कारण दोर धरायला माणूस हवा होता. मी म्हणालो, “जाऊ नका. सांगा नाही म्हणून.”

“कसा नाय म्हणू, गुरुजी?” ते म्हणाले. “अर्ज इचाराधीन हा. आता नाय म्हटलंय आणि साहेबाच्या कानार गेला, तर बरा दिसाचा नाय.”

वाचकांनी हे वाक्य पुन्हा वाचावे, अशी विनंती आहे. अर्ज दोन वर्षांपूर्वी निकाली निघाला होता. त्याचे उत्तर माझ्या खणात होते आणि किल्ली माझ्या करदोट्याला होती. ती बुडी कोणी मारायला लावली, याचा शोध घेण्यास पोलिसांची गरज नाही. सांगण्यास मात्र तेव्हाही वेळ होता : टेबलापासून खाणीपर्यंत वीस मिनिटांची चाल आहे आणि आम्ही ती एकत्र चाललो. वाटेत ते मला दोर कसा धरायचा ते शिकवत होते. “घट्ट धरू नका. घट्ट धरलास तर काय्येक कळणा नाय. हातात पक्षी आसा असा धरा.”

मी तसा धरला. ते पाण्यात गेले. पहिला मजला, दुसरा मजला. दोर सरकत होता. मग थांबला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. पाण्यावर एक पानही हलत नव्हते. मग एक झटका आला, अगदी हलका. मी आसंय. मला रडू आले. जगतापांना वाटले, थंडीने डोळ्यांत पाणी आले. पुन्हा एक झटका आला, पुन्हा एक. ते मला मधून मधून सांगत होते की ते आहेत. नवख्या माणसाच्या हाती दोर आहे, तो घाबरला असेल, म्हणून. हे त्यांनी नंतर सांगितले.

तीन झटके आले तेव्हा मी आणि जगताप दोघांनी ओढले. समई त्यांच्या हातात होती. ती त्यांनी पंचात गुंडाळली होती. दोन्ही कानांतून रक्त येत होते. मी काहीतरी ओरडलो. ते माझ्या तोंडाकडे पाहात राहिले, जसे काचेपलीकडून पाहावे.

उजवा कान कायमचा गेला. डाव्या कानाशी कोणी फार मोठ्याने बोलले तर काही शब्द पोचतात, असे डॉक्टर म्हणाले. त्यानंतर तारी पाण्यात गेले नाहीत. कारखान्यानेही बहिरा बदली कामगार ठेवला नाही. पावणेदोन वर्षे त्यांनी वस्तीत बसून काढली. वाटेत भेटले की मला पाहून भुवया उंचावीत आणि हवेत अंगठा उमटवल्याची खूण करीत. अर्जाचे काय, असा त्याचा अर्थ. मी हाताने ‘थांबा’ अशी खूण करी.

सत्त्याऐंशीच्या दिवाळीआधी ते कुटुंब कायमचे गावी निघाल्याचे मला जगतापांकडून कळले. एस.टी. चेकनाक्याशी थांबणार होती. मी खणाचे कुलूप उघडले. चार वर्षांत लिफाफ्याची घडी पिवळी पडली होती. तो घेऊन मी निघालो तो कबूल करायचेच, असा निश्चय करून.

गाडीचे इंजिन सुरू होते. जयवंतीबाई टपावर चढवलेल्या वळकट्या मोजून घेत होत्या. तारी खिडकीशी बसले होते, खांद्यावर दोन पंचे. मी खिडकीखाली उभा राहिलो आणि त्यांच्या डाव्या कानाच्या दिशेने बोललो. ओरडलो नाही, आजूबाजूला लोक होते. मी म्हणालो की उत्तर केव्हाच आले होते, मी लपवले, शब्द माझा होता, तुमचे बरोबर होते, तुम्ही आपण होऊन कधीच जात नव्हता. सगळे सांगितले. जन्मात पहिल्यांदा मी एकही जड शब्द न वापरता बोललो. माझे बोलणे संपेपर्यंत ते माझ्या ओठांकडे लक्षपूर्वक पाहात होते.

मग त्यांची नजर लिफाफ्यावर गेली. गोल शिक्का दिसला. त्यांनी हात बाहेर काढून तो घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि बहिरे लोक बोलतात तसे मोठ्याने, साऱ्या गाडीला ऐकू जाईल असे, ते म्हणाले :

“इलो? हुकूम इलो? मी हिका सांगी होतंय, गुरुजी काम करतले म्हणान!”

मी मान हलवली. नकारार्थी हलवायला निघालेली मान होकारार्थी कशी हलली, ते मला आजतागायत समजलेले नाही. त्यांनी लिफाफा कोऱ्या पंचाच्या घडीत ठेवला. गाडी हलली. तेवढ्यात त्यांनी खिडकीतून वाकून माझ्या सदऱ्याची बाही धरली आणि एकदा ओढली. एकदाच. मग सोडली. गाडी वळेपर्यंत त्यांचा हात बाहेर दिसत होता.

त्या गोष्टीला दोन वर्षे होत आली. लिफाफा त्यांच्याजवळ आहे. त्यांच्या गावात शाळा आहे, म्हणजे वाचता येणारे कोणीतरी असणारच. तो कागद त्यांना कोणी वाचून दाखवला असेल किंवा नसेल. दाखवला असल्यास त्यांनी तो हुकूम नसल्याचे समजून घेतले असेल. परंतु मधल्या चार वर्षांचा हिशेब त्या कागदावर नाही. तो फक्त या अर्जात आहे. बाही ओढली ती ‘मी आसंय’ म्हणून, की माझ्या तोंडावरून सारे समजून, की निव्वळ निरोप म्हणून, याचा निर्णय मला एकट्याला करता येत नाही.

सबब, हा मजकूर ज्यांच्या वाचनात येईल आणि ज्यांचा मालवणच्या बाजूस संबंध असेल, त्यांस विनंती की, श्री. वासुदेव सोनू तारी यांचा शोध घेऊन हा अर्ज त्यांना वाचून दाखवावा. डाव्या कानाशी, मोठ्याने, त्यांच्या बोलीत. माझे जड शब्द गाळले तरी हरकत नाही. एक तेवढा गाळू नये, आणि तो कोणी लिहिला हे सांगावे. जयवंतीबाई जवळ असतील तर त्यांच्या देखत वाचावा. त्यावर तारी जे म्हणतील ते, ते म्हणतील तसेच, एका साध्या कार्डावर लिहून पाठवावे. ते काही न बोलता एकदा, दोनदा वा तीनदा हात ओढतील तर तेवढा आकडा कळवला तरी पुरे.

उत्तर येईल त्या पत्त्यावर मी आहे. खणाला कुलूप नाही.

आपला,
मधुकर गणपत शेलार
(सही केली आहे, खाली अंगठाही उमटवला आहे.)